बोरूला पेन म्हणावे का?

दोन वर्षांमागे डिसेंबरात एका शाळेच्या सभागृहात हाताने केलेल्या लाकडी पेनांची स्पर्धा भरली होती. स्पर्धा हौशी मंडळींची. कोणी बँकेतून निवृत्त झालेले, कोणी डॉक्टर, कोणी बोटीवरून परतलेले. घराच्या पडवीत किंवा गॅरेजात लहानसा लेथ बसवायचा आणि सुटीच्या दिवशी लाकूड कातत बसायचे, हा या सर्वांचा छंद. तीन परीक्षकांत मला घेतले होते. कारण काय, तर मी लिहितो! लाकडातले मला विशेष कळत नाही हे मी आधीच सांगून टाकले होते. "तुम्ही फक्त हातात धरून पाहा," असे उत्तर मिळाले.

टेबलावर एकवीस पेने मांडली होती. एकाने आजोबांच्या मोडक्या खाटेतले शिसव वापरले होते, एकाने माडाचे, दुसऱ्याने जुन्या दरवाजाच्या चौकटीचे सागवान. गुणपत्रिकेत लाकडाची निवड, कातकाम, झिलई, जोडकाम आणि कल्पकता असे पाच रकाने होते. पेन लिहिते कसे, याला एकही गुण नव्हता. मी कागद मागवला तेव्हा संयोजकांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसले. कागद शोधायला पाच मिनिटे लागली, तीही शाळेत!

एकोणिसाव्या क्रमांकाची वस्तू मात्र वेगळी होती. फणसाच्या लाकडाची साधी, मधे किंचित फुगीर अशी दांडी, तिच्यावर लाखेचा तांबडा आणि पिवळा पट्टा, आणि टोकाला कोरलेल्या भोकात बसवलेला बोरूचा तुकडा. क्लिप नाही, पितळ नाही, रिफिल नाही. शेजारी काचेच्या बाटलीत काळी शाई. माझ्या दोघा सहपरीक्षकांनी तिच्यावर दोन हरकती घेतल्या. पहिली, हे पेनच नव्हे, बोरूला मूठ बसवली आहे एवढेच. दुसरी, हा मुलगा चिताऱ्याच्या घरातला आहे. तो स्वतः नोकरी करतो हे खरे, पण त्याच्या आजोबांचा धंदाच कातकामाचा. मग तो हौशी कसा?

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर पुस्तके काढली, थोडे शोधले, आणि जे हाती लागले ते इथे मांडत आहे.

आधी बोरूविषयी. पाणथळ जागी वाढणाऱ्या, आतून पोकळ अशा नळीसारख्या गवताची ही काडी. सुकली की कठीण होते. तिचे एक टोक चाकूने तासायचे, मधोमध बारीक चीर द्यायची म्हणजे शाई हळूहळू उतरते, आणि मग टोक तिरके छाटायचे. शेवटचा छेद सर्वांत महत्त्वाचा, कारण अक्षराचा जाडपणा आणि नाजूकपणा त्यावर ठरतो. देवनागरीसाठी हा छेद ज्या बाजूला कललेला लागतो त्याच्या बरोबर उलट बाजूला रोमन लिपीसाठी लागतो. त्यामुळे आपल्या अक्षरात डावीकडून खालून उजवीकडे वर जाणारी रेघ ठसठशीत येते आणि उलटी रेघ बारीक, तर रोमन अक्षरांत नेमके याच्या विरुद्ध होते. इंग्रजी सुलेखनाची परदेशी निब घेऊन कोणी श्रीगणेशा काढायला बसला, तर अक्षर परके का दिसते याचे हे कारण. दोष हाताचा नसतो, छेदाचा असतो.

आणि हा छेद लिहिणाराच देत असे. माझ्या मते हा मुद्दा स्पर्धेच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. बाजारातून बोरू आणला तरी तो तासायचा घरीच, आणि दर काही पाने लिहून झाली की पुन्हा तासायचा. म्हणजे जो जो लिहीत होता तो तो लेखणी करणारा होता. चाकू हा लिहिण्याच्या सामानाचाच भाग. युरोपातही तेच. हंसाचे पीस तासण्यासाठी जो लहान चाकू ठेवीत त्यावरूनच पेननाइफ हा शब्द आला. आज त्या चाकूने आपण पेरू कापतो.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते, कारण त्यातला सुंदर अक्षराचा उपदेश शाळेत ऐकवला जाई. पण तो समास पुढेपर्यंत वाचला तर समर्थ सामानाच्या तपशिलात किती शिरतात ते पाहून थक्क व्हायला होते. निरनिराळ्या देशांचे बरू आणावेत, ते बारीक, सरळ आणि घट्ट असावेत, टाक तोडण्याची हत्यारे तऱ्हेतऱ्हेची असावीत, रेघा आखण्याचे साहित्य असावे, हिंगूळ जवळ असावा, असे ते बजावतात. एखाद्या कारखानदाराने सामानाची यादी द्यावी तसे! 'टाक' हा शब्द लोखंडी निबेबरोबर आला अशी माझी समजूत होती. तो तिच्यापेक्षा कितीतरी जुना आहे, बोरूच्या टोकासाठी होता, हेही त्या समासाने शिकवले.

शाईदेखील घरचीच. काजळ, डिंक आणि पाणी एकत्र करून दिवसचे दिवस घोटायचे. कमी घोटले तर काजळ तळाशी बसते. दुसऱ्या एका प्रकारात हिरडा आणि हिराकस घालीत. कागद जुन्नरचा किंवा दौलताबादचा, वरून घोटून गुळगुळीत केलेला. न घोटलेल्या कागदात बोरूचे टोक अडकते. हे सगळे जमले की मग मोडी. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि तिला लोंबकळत अक्षरे लिहीत जायची. मोडी लिहिताना हात उचलावा लागत नाही असे आपण नेहमी वाचतो. ते खरे, पण दर चार शब्दांनी बोरू दौतीत बुडवावा लागतोच, हे लिहिणारे विसरतात. मोडी कागद निरखून पाहिला तर शाई गडद, मग फिकट, मग पुन्हा गडद अशी लाट दिसते. बुडवण्याची ती खूण.

गोव्यात या लेखणीला प्रतिस्पर्धी लवकर भेटला. पोर्तुगेज आले ते पिसाची लेखणी घेऊन. लॅटिनमध्ये 'पेन्ना' म्हणजे पीस, आणि आपण रोज उच्चारतो तो पेन हा शब्द तिथूनच निघालेला. पोर्तुगेज भाषेतही पीस म्हणजे 'पेना'. पण आजच्या पोर्तुगेजमध्ये पेनला रूढ शब्द आहे 'कानेता', आणि तो आला 'काना' म्हणजे वेत किंवा बोरू यावरून. कानेता म्हणजे छोटा बोरू! ज्यांच्या जिभेवर अजून थोडी पोर्तुगेज आहे अशा आमच्या वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर पार्करच्या पेनला छोटा बोरू म्हटले आणि कोणाच्या ध्यानातही आले नाही. आपला 'कलम' शब्दही अरबीतून आला, अरबीने तो ग्रीक 'कालामॉस'वरून घेतला असे मानतात, आणि त्याचाही अर्थ बोरूच. दौत अरबीतून आली, शाई फारशीतून. लिहिण्याच्या सामानाचे शब्द जितके फिरले तितके थोडेच शब्द फिरले असतील.

पणजीच्या पुराभिलेखागारात या दोन्ही लेखण्यांचे काम एका छपराखाली आहे. हे दफ्तर १५९५ साली सुरू झाले, आणि त्याचा पहिला रखवालदार दियोगु दु कौतु हा इतिहासकार होता. १९३० पासून डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी ते सांभाळले, आणि पोर्तुगेज-मराठे संबंधांचा इतिहास त्यांनी त्यातूनच उभा केला. तिथल्या पिसाने लिहिलेल्या पोर्तुगेज कागदांना एक दुखणे जडले आहे. युरोपीय शाई मायफळ आणि हिराकस यांची असे. ती आम्लधर्मी. आपल्या दमट हवेत ती कागद खात जाते. कुठे कुठे अक्षरे गळून पडतात आणि पानाची जाळी होते. नुसत्या काजळाच्या शाईला हा रोग नाही. काजळ म्हणजे कार्बन, तो ना फिका पडत, ना कागदाला इजा करीत. हिराकस घातलेली आपली शाई मात्र त्याच वाटेने जाते. तेव्हा आपले ते सगळे चांगले असे म्हणण्याचे कारण नाही. पण काजळाच्या शाईने लिहिलेला कागद शाबूत राहावा आणि तो वाचणारा मात्र गावात सापडू नये, ही आमची स्थिती आहे. देवळांच्या महाजनांकडे, जुन्या घरांच्या पेटाऱ्यांत मोडी बाडे पडून आहेत. जमिनीचा तंटा निघाला की मोडी वाचणाऱ्याची शोधाशोध होते.

बोरू मेला तो पिसाने नव्हे. त्याला बर्मिंगहॅमने मारले. १८२० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तिथल्या कारखान्यांनी यंत्रावर पोलादी निबा ठोकायला सुरुवात केली. जोसेफ जिलट, जोसाया मेसन ही त्या धंद्यातली मोठी नावे. निब इतकी स्वस्त झाली की तासत कोण बसणार? हातात राहिली ती लाकडाची दांडी, आणि आपण तिला जुनाच शब्द दिला, टाक. माझ्या पिढीतल्या अनेकांनी दौत आणि टाक वापरला आहे. ती दांडी लेथवर कातलेलीच असे. म्हणजे कातीव लाकडाचे पेन ही काही आजची नवलाई नव्हे. एकेकाळी ते शाळेतल्या प्रत्येक पोराच्या हातात होते आणि काही आण्यांत मिळत होते.

झाले काय, तर लेखणी करणारा आणि लिहिणारा हे दोघे वेगळे झाले. 'बोरूबहाद्दर' हा शब्द राहिला, बोरू गेला. १९१० च्या प्रजासत्ताकानंतर गोव्यात मराठी शाळा वाढल्या. देवळाच्या अग्रशाळेत नाहीतर कोणा भाटकाराच्या ओसरीवर भरणाऱ्या या शाळांतून मुले कित्ता गिरवीत. जुन्या लोकांकडून मी ऐकले आहे की काही मास्तर अक्षर वळेपर्यंत बोरूच वापरायला लावीत. बोरूशिवाय जाड-बारीकपणा कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे बरोबर होते.

मग फाउंटन पेन आले. लुइस वॉटरमनचे पेटंट १८८४ चे. इथे लाकडाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला, कारण शाई पोटात बाळगणारे पेन लाकडाचे करणे कठीण. लाकूड शाई पिते, फुगते, आणि सुकले की तडकते. म्हणून जगभर एबोनाइट वापरू लागले. रबरात भरपूर गंधक मिसळून तापवले की ते शिंगासारखे कठीण होते आणि लेथवर लाकडासारखेच कातता येते. आंध्रात राजमहेंद्रीला के. व्ही. रत्नम यांनी १९३२ च्या सुमारास हातलेथवर एबोनाइटची स्वदेशी पेने करायला आरंभ केला. गांधीजींनी त्यांना १९२१ साली, काही स्वदेशी वस्तू करायची तर पेन करा, असे सुचवले अशी त्या घराण्यातली आठवण आहे. आधीच्या पेनात परदेशी भाग होते म्हणून गांधीजींनी ते घेतले नाही असेही सांगतात. पुढे १६ जुलै १९३५ रोजी त्यांनी वर्ध्याहून रत्नम यांना पेन पसंत पडल्याचे पत्र पाठवले. रत्नम मूळचे सोनारकाम करणारे. हौस, धंदा आणि चळवळ यांतली रेघ तिथे नेमकी कुठे ओढायची? मला तरी ओढता येत नाही.

आता दुसरी हरकत. कातारी घरातला मुलगा हौशी कसा?

लेथ ही युरोपात राजेरजवाड्यांची हौस होती. रशियाचा पीटर द ग्रेट स्वतः कातायला बसे. आंद्रेई नार्तोव या कारागिराने त्याच्यासाठी केलेले लेथ आजही सेंट पीटर्सबर्गला जतन केलेले आहेत. १७०१ साली शार्ल प्लुमिये या फ्रेंच साधूने कातकामावर मोठा सचित्र ग्रंथ छापला, तो मुख्यतः अशा श्रीमंत हौशींनीच विकत घेतला. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये होल्टझाप्फेल घराण्याने नक्षीदार कातकामाचे लेथ विकायला सुरुवात केली. त्यांची किंमत अशी की फक्त जहागीरदारच ते घेऊ शकत. आणि त्याच शहरात १६०४ साली पहिल्या जेम्स राजाने सनद दिलेला कातारी लोकांचा जुना संघ होता, ज्यांची पोटे या कामावर चालत. पुढे एकोणिसाव्या शतकात या संघाने कातकामाच्या स्पर्धा भरवल्या. धंदेवाइकांचा संघ एकीकडे, शौकीन दुसरीकडे, आणि कसब एकच. अमेरिकेतली कातकाम करणाऱ्यांची मोठी संघटना १९८६ ची. त्याच सुमारास तयार सुट्या भागांचे संच मिळू लागले, आणि पेन हा हौशी मंडळींचा लाडका विषय झाला. का, तेही सोपे आहे. पाऊण इंच जाडीचा, पाच इंच लांबीचा लाकडाचा तुकडा पुरतो. सात मिलिमीटरचे भोक पाडायचे, पितळी नळी चिकटवायची, दांड्यावर चढवून कातायचे, आणि संचातले टोक, क्लिप, कडे, फिरकी दाबून बसवायची. संध्याकाळी सुरू केलेले काम जेवणाआधी संपते, आणि वस्तू भेट देता येते.

यात कमीपणा नाही. पण पेन लिहिते ते संचामुळे, आणि संच बहुतेक तैवानचा किंवा चीनचा. हौशी माणूस करतो तो अंगरखा.

आमच्याकडे मात्र लेथ कधी राजाची हौस नव्हती. तो कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचा होता, सावंतवाडीच्या चितारआळीचा होता. बडोद्याजवळच्या संखेड्याचे खरादी आजही त्याच्यावर झोपाळे आणि खुर्च्या करतात. पाळण्याचे खूर, पाटाचे पाय, लाटणी, भिंगऱ्या, देवघरातले खांब हे सारे त्यातून निघत आले. जुन्या पद्धतीत दोरीने किंवा धनुकलीने लाकूड मागे-पुढे फिरवायचे, आणि पाते लावायचे ते पुढच्या फेरीलाच. मग फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबायची. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडात बसते. चन्नपट्टणचे कारागीर वरून केवड्याचे पान दाबून चकाकी आणतात. स्पर्धेतल्या एका गृहस्थांनी मला मोठ्या कौतुकाने परदेशी 'फ्रिक्शन पॉलिश'ची बाटली दाखवली. त्या पॉलिशचा आधार म्हणजे शेलॅक, आणि शेलॅक म्हणजे शुद्ध केलेली लाख, जिचे मोठे उत्पादन आपल्या झारखंडात होते. आपलीच लाख बाटलीत बसून परत आली होती, आणि फिरत्या लाकडावर घासून चढवायची तीच युक्ती सोबत घेऊन. मी त्यांना तसे म्हणालो नाही. त्यांचा आनंद कशाला मोडा?

सावंतवाडीची कला विसाव्या शतकात मोडकळीला आली तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी १९७१ च्या सुमारास राजवाड्यात लाखकाम आणि गंजिफा पुन्हा सुरू केल्या. तिथे राजाश्रय मिळाला. इतरत्र चिताऱ्यांची पोरे नोकरीला लागली, आणि त्यांनी तसे केले यात वावगे काहीच नाही. पण मग, लेथ सोडून नोकरीला लागलेला मुलगा रविवारी आजोबांच्या लेथवर बसतो तेव्हा तो कोण? निवृत्त इंजिनिअर बसला तर हौशी आणि हा बसला तर धंदेवाईक, हे मला त्या दिवशी पटले नव्हते, आजही पटत नाही. त्या सभागृहात आजोबाही आले होते. मागच्या बाकावर बसून ते टेबलाकडे पाहत होते. कोणी त्यांना परीक्षक म्हणून बोलावले नव्हते. एकवीस पेनांतली कोणती नीट कातली आहेत, हे सांगणारा तिथे तो एकच माणूस होता.

निकाल सांगतो. चिताऱ्याच्या घरातला ही हरकत शेवटी मागे घेतली गेली. पहिल्या हरकतीवर मात्र मतदान झाले, आणि मी दोनास एक असा हरलो. ज्याला दौतीत बुडवावे लागते ते पेन नव्हे, असे ठरले. वॉटरमनपूर्वी जगात पेनच नव्हते, असा त्याचा अर्थ होतो, हे मला घरी पोचल्यावर सुचले! बक्षीस शिसवाला गेले. पेन खरोखर देखणे होते. आजोबांची खाट सार्थकी लागली. फक्त लिहिताना रिफिल अडखळत होती, पण त्याला रकाना नव्हता.

मुलाला वाईट वाटले असेल, पण तो हसला. निघताना दांडी माझ्या हातात देऊन म्हणाला, "सर, तुम्ही एकट्यानेच कागद मागितला होता." मी पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. आजोबांना मी नमस्कार केला तेव्हा त्यांनी दांडी माझ्याकडून परत घेतली, बोटांत फिरवली, आणि नातवाला सांगितले की मधला फुगा नखभर पुढे हवा होता, म्हणजे हात भरून येत नाही.

ती आता माझ्या टेबलावर आहे. काजळाची शाई घोटायला मी दोनदा बसलो. पहिल्यांदा तळाशी साका बसला, दुसऱ्यांदा बरी जमली. लिहिताना दर चार शब्दांनी थांबावे लागते, आणि माझ्यासारख्या पाल्हाळ लावणाऱ्याला ते बरेच आहे. गेल्या पावसाळ्यात जुलैमध्ये फणसाचे लाकूड फुगले आणि बोरूचा तुकडा भोकात गच्च बसला. तासायचा तर निघेना. मुलाला फोन केला. त्याने आजोबांना विचारून सांगितले, ओढू नका, चिरेल. तांदळाच्या डब्यात दोन दिवस पुरून ठेवा. तिसऱ्या दिवशी तो अलगद सुटला.